समुद्रातल्या लेकीची जागल

वरूड तालुक्यातल्या एका गावातून एका आईचं पत्र आलं आहे. घरी संत्र्याचा बगीचा आणि थोडं कोरडवाहू वावर. एकुलती एक मुलगी इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरीला लागली, तिथेच लग्न झालं. पुढे दोघं नवरा-बायको काही वर्षं इंग्लंडमध्ये राहिले आणि तिथे त्यांनी एक जुनी, अडतीस फुटी शिडाची बोट विकत घेतली. दीड वर्षापासून ते त्या बोटीवरच राहतात. लॅपटॉपवर काम करतात आणि कॅरिबियन समुद्रातल्या बेटाबेटांवर फिरतात. गेल्या महिन्यात एका खाडीत नांगर टाकून झोपले असताना रात्री दोन चोर आले. एकाने त्यांची छोटी रबरी होडी इंजिनासकट पळवली, दुसरा बोटीच्या डेकवर चढला. जावयाला जाग आली, त्याने आरडाओरड केली, तेव्हा तो पाण्यात उडी टाकून पळाला. सकाळी तिथल्याच एका कोळ्याने या दोघांना आपल्या होडीतून पोलीस चौकीवर नेलं.

आईला हे दहा दिवसांनी कळलं, तेही मुलीच्या तोंडून चुकून निघालं म्हणून. मुलीचे वडील, भाऊ, म्हणतात, "तिकडचे लोकच चोर, शपथ घाल आणि परत बोलाव." आत्याबाई म्हणतात, पोरीच्या जातीला समुद्र कशाला हवा. पुतण्याने मोबाइलवर बोटीवरच्या एका अमेरिकन जोडप्याच्या खुनाचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून आईची झोप उडाली आहे. वरून मुलगी म्हणते, जानेवारीत तुम्ही दोघं इकडे या. आई विचारते: शपथ घालू का? आम्ही जावं का? आणि इथे बसून मला काही करता येईल का?

ताई,

तुमच्या पत्रातला चोरीचा भाग मी एकदा वाचला. 'दहा दिवसांनी कळलं' हे वाक्य मात्र तीनदा वाचलं. तुमच्या घरातली खरी अडचण मला त्या वाक्यात दिसते, आणि तिच्याकडे मी येणारच आहे. पण त्याआधी त्या रात्री झालं काय, ते समजून घेऊ. बोट तुम्ही अजून फोटोतच पाहिली आहे, म्हणून मनात येणारं चित्र कदाचित आहे त्यापेक्षा भयंकर असेल.

अशी बोट बहुतेक वेळा किनाऱ्याला लागत नाही. खाडीत नांगर टाकून ती उभी राहते, किनारा दोन-तीनशे मीटरवर. भाजी आणायला, पिण्याचं पाणी भरायला, दवाखान्यात जायला ती छोटी रबरी होडी लागते. तिला डिंगी म्हणतात. मागे दहा-पंधरा हॉर्सपॉवरचं पेट्रोलचं इंजिन. तुमच्या लेकीची ती मोटरसायकलच समजा. आणि चोराच्या बाजूने पाहिलं तर ती आपल्या विहिरीवरची मोटार आहे. दोघांना उचलता येते, कोणाच्याही कामाची असते, पाहिजे तेव्हा विकली जाते. तिथल्या मच्छीमारांनाही तसलंच इंजिन लागतं, त्यामुळे गिऱ्हाईक शोधायला लांब जावं लागत नाही. कॅरिबियन बेटांवर बोटीवाल्यांच्या ज्या चोऱ्या होतात, त्यांत डिंगी आणि तिचं इंजिन यांचाच नंबर पहिला.

मोटार जाणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. आमच्या वावरातली पाच हॉर्सपॉवरची मोटार ऐन हरभऱ्याच्या पाण्याच्या वेळी गेली होती. केबल धुऱ्यावरच जाळलेली सापडली. तांबं काढून नेलेलं, काळं प्लास्टिक मातीला चिकटून राहिलेलं. तो जळका वास मला अजून आठवतो. पहिल्याच दिवशी संशय गेला गावाबाहेर पाल ठोकून राहिलेल्या लोकांवर. चौघांना चौकीत बसवून ठेवलं. महिन्याभराने मोटार सापडली ती गावातल्याच एका चांगल्या घराच्या कोठ्यात, कुटाराखाली. नंतर त्या पालातली एक बाई मला बाजारात भेटली. ती काही बोलली नाही, पण तिने जसं पाहिलं ते मला आजही खाली मान घालायला लावतं. कारण संशय घेणाऱ्यांत मीही होते.

म्हणून भाऊंचं 'तिकडचे लोकच चोर' हे वाक्य वाचून थांबले. तुमच्या पत्रातच त्याचं उत्तर आहे. चोर तिथले होते असं धरलं, तरी सकाळी आपलं मासे धरायचं काम सोडून या दोघांना चौकीवर नेणारा कोळीही तिथलाच होता. त्या बेटांवरचे लोक होड्या वल्हवत बोटींजवळ येतात, दोर बांधायला मदत करतात, मासे आणि फळं विकतात. ओळख ठेवली तर तेच लोक राखणही करतात. भाऊंना एवढंच विचारा की उद्या रात्री पुन्हा काही झालं तर आपल्या लेकीच्या हाकेला पहिलं धावून कोण येईल.

आता तो व्हिडिओ. तो खोटा आहे असं मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रेनाडा बेटावर पोलिसांच्या ताब्यातून पळालेल्या तिघांनी नांगरावरची एक बोट बळकावली. तिच्यावरचं अमेरिकन जोडपं मारलं गेलं असं मानलं जातं, त्यांचे मृतदेह मिळाले नाहीत. बोट शेजारच्या सेंट व्हिन्सेंटला सापडली आणि तिथेच ते तिघे पकडले गेले. हे घडलं आहे आणि आईच्या काळजात धस्स व्हावं असंच आहे. पण अशी घटना तिथे क्वचित होते, म्हणून तर ती जगभर गेली. नांगरावरून डिंगी गेली याची बातमी कोणी वरूडपर्यंत आणत नाही.

तुमच्या पत्रात 'समुद्री चाचे' हा शब्दही आला आहे. तिथे थोडी उकल करते. आंतरराष्ट्रीय कायद्यात चाचेगिरी म्हणजे कोणत्याही देशाच्या हद्दीबाहेर, खुल्या समुद्रात केलेली लूट. किनाऱ्यापासून बारा सागरी मैल, म्हणजे साधारण बावीस किलोमीटरच्या आत झालेली लूट ही त्या देशाच्या पोलिसांच्या अखत्यारीतली चोरी किंवा दरोडा. सोमालियाच्या चाच्यांचं नाव आपण ऐकतो. त्यांनी ऑक्टोबर २००९ मध्ये सेशेल्सजवळून एका ब्रिटिश जोडप्याला शिडाच्या बोटीवरून उचललं आणि एक वर्षाहून जास्त कोंडून ठेवलं. ते सगळं आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याकडचं. तुमची मुलगी आहे तो समुद्र जगाच्या दुसऱ्या बाजूला आहे. तिथेही सगळीकडे सारखं नाही. ग्रेनाडा ते त्रिनिदाद या पट्ट्यात बोटी अडवून लुटल्याचे प्रकार झाले आहेत, म्हणून बोटीवाले निघण्याआधी तटरक्षक दलाला मार्ग कळवतात आणि दोन-तीन बोटी मिळून जातात. त्यामुळे 'समुद्र धोक्याचा आहे का' असं विचारून काही हाती लागणार नाही. 'आत्ता कुठे आहात आणि पुढे कुठे जाणार' असं विचारा.

आणखी एक गोष्ट, ताई. आपल्याकडे वाघ दिसला की पेपरात फोटो येतो, आठ दिवस कोणी वावरात जात नाही. पण साप चावून जी माणसं जातात, ती वाघाने मारलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त. तरी अनवाणी पायांनी, बॅटरी न घेता आपण रात्री पाणी द्यायला जातोच. बोटीवर साप कोणता? रात्री एकट्याने डेकवर जाताना तोल जाणं. चालत्या बोटीवरून पाण्यात पडलेला माणूस अंधारात सापडणं फार कठीण असतं. डिंगी जोरात चालवताना माणूस बाहेर फेकला जाणं, आणि तीच डिंगी इंजिनाच्या पात्यासकट गोल फिरून त्याच्या अंगावर येणं. आणि वादळ. जून ते नोव्हेंबर तिकडे चक्रीवादळांचा काळ असतो. १ जुलै २०२४ ला बेरिल नावाचं वादळ ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटावर आदळलं, तेव्हा नांगरावरच्या आणि किनाऱ्यावर चढवून ठेवलेल्या बोटींचाही चुराडा झाला. मुलीला चोराबद्दल तुम्ही दहा वेळा विचारलं असेल. रात्री डेकवर जाताना कमरेचा पट्टा बोटीला अडकवतेस का, डिंगीचं इंजिन बंद करणारी दोरी मनगटाला बांधतेस का, वादळाच्या महिन्यांत बोट कुठे ठेवणार, हे एकदा तरी विचारलं का? विचारा. तिला बरं वाटेल की आईला बोटीतलं काही कळायला लागलं.

आता शपथेचं. मी तुम्हाला 'घालू नका' असं सांगणार आहे, आणि का तेही सांगते. शपथ घातली तर दोन गोष्टी होऊ शकतात. ती येईल. बोट पडत्या भावात विकेल, नवऱ्याशी वाजेल, आणि पुढची कितीतरी वर्षं तुमच्या अंगणात बसून ती समुद्राकडे तोंड करून असेल. किंवा ती येणार नाही. मग पुढच्या वेळी काही झालं तर ते तुम्हाला दहा दिवसांनीही कळणार नाही, कधीच कळणार नाही. या वेळी तरी तिने दहा दिवस का लपवलं असेल? तुम्हाला त्रास नको म्हणून, असं ती म्हणेल आणि ते खरंही असेल. पण 'परत ये' हे ऐकावं लागेल, ही भीतीही त्यात असणार. बोटीवर जी माणसं संकटातून सुटतात, ती बहुतेक वेळा कोणाला तरी वेळेवर कळलं म्हणून सुटतात. तुमच्यापर्यंत खरं पोचत राहणं हा तिच्या सुरक्षेचा भाग आहे. शपथेने नेमका तोच धागा तुटतो.

त्यामुळे आज-उद्या फोन कराल तेव्हा आधी एवढंच बोला: "तू मला काहीही सांग, मी त्यावरून तुला परत बोलावणार नाही." हे बोलणं सोपं नाही. घसा भरून येईल. पण हे एकदा बोललात की पुढचं सगळं विचारायचा हक्क तुम्हाला मिळेल.

याचा अर्थ 'जे करते ते करू दे' असा नाही. ते दोघं शिकलेले आहेत म्हणून काळजी घेतच असतील, असंही धरून चालू नका. डिंगी गेली याचा अर्थ कुठेतरी ढिलाई होतीच. माझा भाचा व्यापारी जहाजावर होता, त्याच्याकडून आणि बोटीवर राहणाऱ्या लोकांच्या लिहिण्या-बोलण्यातून जे गोळा केलं, ते सांगते. हुकूम म्हणून नका वापरू, विचारून बघा.

डिंगी रात्री पाण्यात तरंगत ठेवली होती की वर उचलली होती? शीड वर चढवायचा जो दोर असतो त्यानेच डिंगी इंजिनासकट बोटीच्या कडेला हवेत टांगता येते. मग चोराला आवाज न करता ती खाली उतरवणं जड जातं. वर कुलूप आणि जाड साखळी. बोटीवाल्यांत एक म्हणच आहे: उचला, कुलूप लावा, नाहीतर विसरा. इंजिनाचा नंबर वहीत आणि फोनमध्ये लिहिलेला हवा, फोटोसकट. इंजिनाच्या झाकणाला भडक, वेडावाकडा रंग मारून टाकतात, म्हणजे ते विकायला निघालं तर लांबूनच ओळखू येतं. आणि डिंगीवर आपल्या मोठ्या बोटीचं नाव लिहू नये. डिंगी किनाऱ्याला बांधलेली दिसली की बोटीवर कोणी नाही, हे चोराला आयतं कळतं.

झोपताना दारं-खिडक्या उघड्या असतात का? तिकडे उकाडा असतो. आपण मे महिन्यात अंगणात खाटा टाकतो तसंच. हवा यावी आणि माणूस येऊ नये यासाठी स्टीलच्या गजांच्या जाळ्या बसवून मिळतात. डेकवर पाय पडताच पेटणारा सेन्सरचा दिवा, कठड्याला मासे धरायची बारीक दोरी ताणून तिला बांधलेली घंटा, हाताशी मोठा भोंगा. यात महाग काही नाही.

जावयाने आरडाओरड केली हे बरोबर केलं. पण तो बाहेर धावत गेला का, हे विचारा. आपण जागलीला असतो तेव्हा रानडुक्कर आलं तर काठी घेऊन त्याला आडवे जात नाही. डबे वाजवतो, बॅटरी मारतो, ओरडतो, आणि त्याला पळायला वाट मोकळी ठेवतो. बोटीवरही आतूनच उजेड आणि आवाज करायचा. चोर आत शिरलाच आणि हातात हत्यार असलं तर मागेल ते द्यायचं. त्यासाठी थोडे पैसे, जुना फोन आणि मुदत संपलेलं कार्ड घातलेलं एक पाकीट समोर ठेवतात. खरे पासपोर्ट आणि पैसे दुसरीकडे, दोन-तीन ठिकाणी वाटून. भाऊंनी 'बंदूक का नाही ठेवत' असं विचारलं आहे. तिथल्या बहुतेक बेटांवर उतरताच बंदूक असल्याचं जाहीर करावं लागतं आणि बेट सोडेपर्यंत ती सरकारकडे जमा राहते. न सांगता ठेवली तर तुरुंग. तिखटाचा फवाराही काही बेटांवर बेकायदेशीर आहे.

नांगर कुठे टाकायचा, हे आधी कुठे विचारतात? 'कॅरिबियन सेफ्टी अँड सिक्युरिटी नेट' नावाचं स्वयंसेवकांचं काम आहे. कोणत्या खाडीत कधी काय झालं याच्या नोंदी ते ठेवतात आणि त्या कोणालाही बघता येतात. 'नूनसाइट' हे बोटीवाल्यांचं माहितीचं ठिकाण जगभर वापरलं जातं. तुमच्या मुलीने आपली चोरी तिथे नोंदवली का? नसेल तर नोंदवायला सांगा. पुढच्या महिन्यात त्याच खाडीत कोणाची तरी दुसरी लेक नांगर टाकणार आहे. पोलिसांचा कागदही हवाच, विमा कंपनी तो मागते, आणि डिंगीला कुलूप होतं का हेही विचारते.

आणि वायरलेस. चॅनेल १६ हे संकटाचं चॅनेल आहे, जवळपासच्या बोटी आणि तटरक्षक दल त्याच्यावर कान ठेवून असतात. तो संच दोघांनाही चालवता येतो ना? पुष्कळ जोडप्यांत सगळं एकालाच येतं आणि नेमका तोच जखमी होतो. बोटीवर ईपर्ब नावाचं यंत्र असतं, कळ दाबली की ते उपग्रहामार्फत बचावकेंद्राला ठिकाण कळवतं. त्या यंत्राच्या नोंदणीत घरच्या माणसांचे फोन नंबर दिलेले असतात. इथे माझा तुम्हाला सरळ प्रश्न: तो नंबर कोणाचा आहे?

हे मी मुद्दाम विचारते आहे. तुम्हीच लिहिलं आहे की फसवणुकीच्या फोनांमुळे भाऊ परदेशी नंबर उचलतच नाहीत. बचावकेंद्राने तो सिग्नल खरा की चुकून दाबला गेला हे विचारायला फोन केला आणि तो कापला गेला, तर? म्हणून मुलीकडून तिच्या यंत्राची नोंदणी ज्या देशात आहे तिथल्या बचावकेंद्राचा नंबर घ्या, आणि कॅरिबियनच्या पूर्वेकडच्या बेटांसाठी मार्टिनिकमध्ये फोर्ट-द-फ्रान्सला जे केंद्र आहे त्याचाही. दोन्ही नंबर नाव घालून दोघांच्या फोनमध्ये सेव्ह करा, मराठीत, 'लेकीची बोट' असं लिहून. इंग्रजी बोलायची अडचण असेल तर पुतण्याचा किंवा गावातल्या मास्तरांचा नंबर तिसरा म्हणून द्या. मुलीने एका कागदावर बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक, नऊ आकडी रेडिओ क्रमांक, बोटीचा रंग, दोघांचे पासपोर्ट नंबर आणि रक्तगट लिहून पाठवावेत. तो कागद देवघराजवळ चिकटवा. पुतण्याला व्हिडिओ दाखवायची हौस आहे ना, त्याला हे काम द्या.

याच कागदाला एक गोष्ट जोडा, आणि ही ज्यांची मुलं आखातात, जहाजावर, कुठेही परदेशी आहेत अशा सगळ्याच आईबापांसाठी आहे. 'तुमची मुलगी पोलिसांनी पकडली, पैसे पाठवा' असे फोन हल्ली गावोगाव येतात. बोटीवरची मुलगी दोन दिवस संपर्कात नसताना असा फोन आला तर कोणतीही आई गडबडेल. घरातला एखादा जुना शब्द खूण म्हणून ठरवून ठेवा. तिच्या लहानपणच्या गाईचं नाव चालेल. तो शब्द आल्याशिवाय एक रुपया पाठवायचा नाही. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन. आणि खरंच परदेशात आपलं माणूस अडकलं तर परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' पोर्टल आहे, तिथे तक्रार नोंदवता येते.

रोजचं बोलणं ठरवून घ्या. तिची घड्याळं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहेत. तिचे सकाळचे साडेसात म्हणजे तुमचे संध्याकाळचे पाच. नांगरावर असेल तेव्हा पाच वाजता एक ओळ, 'ठीक आहे, अमुक खाडीत.' लांब पल्ल्याला निघणार असेल तर आधी कळवायचं: कुठून, कुठे, कधी पोचणार, आणि किती तास उशीर झाला तर आईने कोणाला फोन करायचा. हा शेवटचा आकडा तिनेच द्यावा. वारा पडला तर शिडाची बोट सहज अर्धा दिवस मागे पडते, तुम्ही दोन तासांत घाबरून जाल. फोनवर बोटी दाखवणारं ॲप आहे, त्यात तिच्या बोटीचा ठिपका दिसतो. पण ठिपका गेला म्हणजे बोट बुडाली असं नाही. किनाऱ्यापासून लांब गेल्यावर तो जातो, आणि चोरांच्या पट्ट्यातून जाताना बोटीवाले तो मुद्दामही बंद करतात. हे आधी माहीत असलं की रात्री अडीच वाजता उठून फोन बघायची वेळ येणार नाही.

आत्याबाईंना सांगा, २०१७-१८ मध्ये आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघून पृथ्वीची प्रदक्षिणा घालून आल्या. तुमच्या लेकीमागे नौदल उभं नाही, हेही खरं. म्हणूनच वरचा सगळा उपद्व्याप करायचा.

आता तुम्ही जावं का? माझं मत, जा. जानेवारीत मात्र नको. डिसेंबर-जानेवारीत तिकडे वारे जोरात असतात, बोट नांगरावरही डोलते आणि पहिल्यांदा चढणाऱ्याला पोटात ढवळतं. संत्र्याच्या आंबिया बहाराचा माल काढून झाला, हिशेब मिटला की फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये जा. वाटेत विमान कुठे बदलतं त्यावर तिथला व्हिसा लागतो का ते आधी बघा, यात लोक फसतात. पहिले चार-पाच दिवस बोटीवर न राहता किनाऱ्यावर खोली घ्या. बोटीवर दिवसा जा, संध्याकाळी परत या. नंतर वाटलं तर रात्र काढा. पोहता येत नाही म्हणता, तर डिंगीत बसताना जॅकेट अंगात हवंच, 'पाचच मिनिटं आहेत' असं कोणी म्हटलं तरी. भाऊंच्या बीपीच्या गोळ्या पुऱ्या मुदतीच्या, दोन पिशव्यांत वेगवेगळ्या. सोनं घरी ठेवा, काळ्या मण्यांची साधी पोत पुरे. अंधार पडल्यावर डिंगीने ये-जा नको.

भाऊ रागावले आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. मला तो राग कमी आणि हतबलता जास्त वाटते. बगीच्यातली मोटार गेल्यावर त्यांनी नवीन मोटार लोखंडी पिंजऱ्यात बसवली, साखळी वेल्डिंग करून घेतली आणि कुलपाला पाणी लागू नये म्हणून वर जुन्या ट्यूबचा तुकडा बांधला, असं तुम्हीच पत्राच्या शेवटी कौतुकाने लिहिलं आहे. नवी डिंगी आली की जावयालाही तसंच काही करावं लागणार आहे, आणि खाऱ्या पाण्यात तर कुलपं महिन्यात गंजतात. उद्या संध्याकाळी पाच वाजता फोन लागला की तो भाऊंच्या हातात द्या. तुम्ही पलीकडे स्वयंपाकाला लागा. साखळी किती जाड घ्यायची, कडी कुठे बसवायची, ट्यूब कशी बांधायची, हे त्यांना जावयाला सांगू द्या, अर्धा तास लागला तरी.